बोटीवरची पॅसेंजर

ता. ३ एप्रिल
बोटीवरून, दुसऱ्या हौदाच्या खाली

चि. ठकूस तिच्या बाबांचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

इकडे तुझ्या आईचं आणि माझं कुशल आहे. बोटीचंही आहे, फक्त उजव्या अंगाचा थोडा रंग गेलाय. तुझी छोटी जन्मायच्या आधीपासून घरामागच्या शेडमध्ये मी जे काही ठोकत बसलो होतो आणि ज्याला तुम्ही सगळे ‘बाबांची फळकुटं’ म्हणत होतात, ती फळकुटं आता नदीवर तरंगतात, पुढे जातात आणि सुकाणू फिरवलं की वळतातसुद्धा. वळण्याआधी थोडा विचार करतात, एवढंच.

पाणी कुठून कुठे जातं हे पाणीपुरवठा खात्यात बसून मी जन्मभर कागदावर काढलं. पाण्याबरोबर स्वतः जाण्याची ही पहिलीच खेप. मी मागे सुकाणूवर असतो, तुझी आई पुढे दोर आणि बांबू घेऊन. नदी जिथे एकदम खाली उतरते तिथे दोन दरवाजांमध्ये एक दगडी हौद असतो. बोट आत घ्यायची, मागचं दार लागतं, हौदातलं पाणी हळूहळू सोडतात, त्याबरोबर बोट खाली जाते, मग पुढचं दार उघडतं. लिफ्टच म्हण ना, पाण्याची. समुद्रापर्यंत असे बरेच हौद आहेत. उत्तर पुढच्या हौदाच्या पत्त्यावर पाठव, तिथला रखवालदार आम्हाला देईल.

कालच्या हौदात दोराचा थोडा घोटाळा झाला. कपबशा गेल्या. तेव्हापासून तुझी आई विश्रांती घेते आहे. बरीच विश्रांती घेते आहे.

तिनेही तुला पत्र लिहिलंय आणि पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिलंय. पाकीट चिकटवून वर चिकटपट्टी लावलीय, म्हणजे काहीतरी असणार. जावईबापूंना नमस्कार, छोटीला पापा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे
बाबा


ता. ३ एप्रिल
त्याच बोटीवरून

चि. ठकूस आईचे आशीर्वाद.

तू कुशल असशीलच, नसतीस तर मला आधीच कळलं असतं. फोन करत नाही, कारण ही बोट म्हणजे आपल्या माळ्याएवढी. एका टोकाला उसासा टाकला की दुसऱ्या टोकाहून काय झालं म्हणून विचारणा होते. तेव्हा पत्र.

चूक माझी होती हे आधीच सांगते. हौदात पाणी उतरत असतं तेव्हा दोर खुंटाला बांधायचा नसतो. खुंटाला एक वेढा द्यायचा, टोक हातात धरायचं आणि बोट खाली जाईल तसतसा सैल सोडत राहायचं. हे तुझ्या बाबांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. पण नोकरीभर मी जे बांधलं ते सुटू नये म्हणून बांधलं. सैल गाठ म्हणजे निष्काळजीपणा, हे वॉर्डात शिकवताना किती नव्या मुलींना रडवलं असेल. तर दोर हातात आला आणि मी खुंटाला झकास निरगाठ मारली, ओढून पाहिली आणि आत चहा टाकायला गेले.

पाणी उतरलं, बोट उतरली, दोर उतरला नाही. बोट एका अंगाला टांगली गेली. आतलं सगळं फडताळ माझ्या अंगावर रिकामं झालं. तुझ्या बाबांनी कुऱ्हाडीने दोर तोडला तेव्हा बोट धप्पकन पाण्यात बसली. काठावर माणसं जमली. हौदाचा रखवालदार धावत आला आणि दोर कोणी बांधला, बोटीवरचा दुसरा खलाशी कोण, असं विचारायला लागला.

तुझ्या बाबांनी टोपी काढली आणि म्हणाले, चूक माझीच आहे, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्या नुसत्या पॅसेंजर आहेत.

ठकू, ते माझ्यावर ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. ते ओरडले नाहीत. पायपुसणं झटकावं इतक्या सहज म्हणाले. अख्खं हॉस्पिटल मी मेट्रन म्हणून चालवलं. माझ्या मैत्रिणी, माझी गच्ची, माझं सगळं टाकून मी या फळकुटांवर आले ती नदी बघायला नाही. हे एकटे बुडतील म्हणून आले.

तर ठीक आहे. पॅसेंजर तर पॅसेंजर. त्या घटकेपासून मी पुढच्या खुर्चीवर मांडीवर पर्स घेऊन बसते. पॅसेंजर दोर धरत नाही, बांबू उचलत नाही आणि स्वयंपाक तर मुळीच करत नाही. जंक्शनचं गाव येईपर्यंत बसणार. तिथे रेल्वे आहे. तिथे उतरून तुझ्याकडे येते. जंक्शनच्या खाली नदी मोठी होते आणि बोटीवर दोन माणसं असल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे.

माझ्यासाठी वेगळी गादी घालायला नको, छोटीच्या शेजारी निजेन. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी
आई


ता. ९ एप्रिल

ती. बाबांस ठकूचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, त्यामुळे उभ्यानेच मानून घ्यावा), वि. वि.

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी पोचली. तुमच्या पत्रावरून कळलं की कपबशा फुटल्या. आईच्या पत्रावरून बाकीचं कळलं.

बाबा, तो शब्द कुठून सुचला तुम्हाला? मी दिवसभर लोकांच्या दाढा काढते. घाबरलेली, तोंड न उघडणारी, खुर्चीतून पळून जाणारी माणसं, सगळ्यांच्या काढते. पण तुमच्या तोंडून ‘चुकलो’ एवढा एक शब्द काढायचा म्हणजे मला भूलच द्यावी लागेल असं दिसतं. आई जंक्शनला उतरायचं म्हणते आहे. ती म्हणते ते करते, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? ती उतरली तर तुमचा समुद्र राहिला. मी इथून काय करू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आईला वेगळं लिहिलं आहे. ते पाकीट तिला न उघडता द्यावं. छोटी विचारते की आजोबांची बोट बुडली का. मी सांगितलं, अजून नाही. लेकीवर जो जीव आहे तो असू द्यावा, आणि थोडा आईकडे वळवावा.

आपली
ठकू


ता. १४ एप्रिल
हौदाच्या रांगेत उभा असताना

चि. ठकूस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं, लागलं. आता माझं ऐक.

खलाशाच्या हातून अशी चूक झाली की रखवालदार त्याचं नाव वर कळवतो आणि मग त्या खलाशाला ऑफिसात जाऊन परीक्षा द्यावी लागते. तुझ्या आईने, मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या बाईने, कुणा पोरसवदा साहेबासमोर दोर धरून दाखवायचा? पॅसेंजरला परीक्षा नसते. तोंडाला आलं ते बोललो. अब्रू वाचवायला गेलो तिची, आणि हे असं हात दाखवून अवलक्षण झालं. हे तिला सांगायला मी दोनदा पुढे गेलो. तिने ओठांवर बोट ठेवलं, वॉर्डात भेटायला आलेल्यांना गप्प करायची तसं.

आता मी एकटा सगळं बघतो. सुकाणू सोडून पुढे पळायचं, दोर टाकायचा, लोखंडी शिडी चढायची, खुंटाला वेढा द्यायचा, परत मागे पळायचं. सकाळी अंडी उकडतो, पाव भाजतो, चहा करून खुर्चीपाशी नेतो. तुझी आई कप घेते, मान लववते आणि थँक्यू म्हणते. लग्न झाल्यापासून तिने मला थँक्यू म्हटल्याचं आठवत नाही. फार वाईट वाटतं.

एक मात्र सांगतो, रागावू नकोस. एकट्याने बोट चालवायला मजाही येते. पहाटे पाणी अगदी गुळगुळीत असतं आणि आपण केलेली वस्तू आपल्याला घेऊन चाललेली असते. मग पुढे खुर्चीत पाठ करून बसलेली ती दिसते आणि मजा जाते.

तू तिला माझं कारण कळव. तुझं ती ऐकते. आमची आठवण तोंडी लावायला असू दे.

तुझे
बाबा


ता. १५ एप्रिल

चि. ठकूस आईचे आशीर्वाद.

तुझं पाकीट न उघडलेलं मिळालं. पेशंटची हकीकत कळवते, कारण तो स्वतः कळवणार नाही.

तुझे बाबा दाढी डाव्या हाताने करतात. शर्ट घालताना आधी उजवी बाही चढवतात आणि मग थांबतात. दोर ओढून झाला की नदीकडे बघत उभे राहतात. नदीत तेव्हा बघण्यासारखं काही नसतं. उजवा खांदा कामातून चाललाय. मी सुकाणूजवळच्या फळीवर मलमाची नळी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती जागेवरून थोडी सरकलेली होती, उघडलेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी काही विचारलं नाही. बोलणं माझ्याकडून बंद आहे.

अंडी मात्र चांगली उकडतात. त्यांना ते येत होतं, हे मला माहीत नव्हतं.

तू लिहितेस की इतका राग बरा नाही. राग केव्हाच गेला, ठकू. राग गेल्यावर खाली जे उरतं ते उरलंय. त्यांनी तसं का म्हटलं ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. परीक्षेचा नियम मीही वाचला होता, बोटीवर यायच्या आधी सगळं पुस्तक वाचून आले होते. मला वाचवायला गेले हे खरंच. पण घाईत माणसाच्या तोंडी जे येतं ते आधीपासून आत असतं. परीक्षा द्यावी लागली असती तर मी दिली असती. मला विचारलं कुणी?

मी बसून बसून जाड झालेय. दिवसभर बघण्याशिवाय काम नाही, त्यामुळे हौदात काय काय करतात ते आता पाठ झालंय. बॅग भरून ठेवलीय. जंक्शनहून कोणती गाडी सोयीची ते जावईबापूंना बघून ठेवायला सांग. तुझ्या मायेला ओहोटी नको.

तुझी
आई


ता. २० एप्रिल

ती. बाबांस ठकूचा नमस्कार, वि. वि.

तुमचं कारण आईला कळवायची गरज पडली नाही. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाबा, हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी जावई म्हणाले, लिही, समोर असतीस तर बोललीच असतीस. आपल्या घरात तुम्ही काय होतात? मला ताप आला की आई ड्यूटीवरून येऊन रात्रभर बसायची. घराचं छत गळलं, माझी शाळा बदलली, आजीचं आजारपण झालं, सगळ्याला आई. तुम्ही खिडकीशी बसून बाहेरचं बघत छान प्रवास केलात. वेळेवर जेवलात, वेळेवर निजलात, आणि माणूस इतका गोड की कुणाला राग येऊ नये. मी तुमच्यावर कधी रागावले नाही, आताही नाही.

पण आईने तुम्हाला त्या शब्दाने चारचौघांत कधी हाक मारली नाही. उलट पाहुणे आले, काही ठरवायचं निघालं, की म्हणायची, यांना विचारून सांगते. तुम्हाला विचारलेलं मी एकदाही पाहिलं नाही. तुमचा मान ठेवायला म्हणायची.

एवढंच. आणि तो खांदा दाखवा. मी दातांची असले तरी डॉक्टर आहे आणि आई नर्स आहे, दोघींची एकाच माणसाबद्दल चूक होणार नाही. लिहिलेलं जास्त झालं असेल तर पोटात घालावं. मुलगी आहे.

आपली
ठकू


ता. २४ एप्रिल
जंक्शनचं हॉस्पिटल, बाहेरचा बाक

चि. ठकूस आईचे आशीर्वाद.

आधी हे वाच: काळजीचं कारण नाही. आता बाकीचं.

जंक्शनच्या वरच्या हौदात तुझ्या बाबांचा पाय शिडीवरून सुटला. शिडीला शेवाळ होतं, एका हातात दोर होता. उजव्या हातावर लोंबकळले आणि खांदा निखळला. ओरडले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. पर्स कुठे पडली ते मला माहीत नाही, बहुतेक नदीत. दोर मी धरला, खुंटाला वेढा दिला आणि पाणी उतरेल तसा सोडत गेले. दुसऱ्या हाताने त्यांना शर्टाला धरून आत घेतलं. दार उघडल्यावर बोट काठाला कशी आणली ते विचारू नकोस, लागली एवढं खरं. रखवालदाराला स्ट्रेचर आणायला सांगितलं. सांगितलं म्हणजे पलीकडच्या काठावरचे गुराखीही उठून उभे राहिले.

इथल्या तरुण डॉक्टरने खांदा नीट बसवला. मी बाजूला उभी राहून पाहिलं, मुलाचा हात चांगला आहे. पण दोन महिने दोर ओढायचा नाही, शिडी चढायची नाही.

शुद्धीवर आल्यावर तुझे बाबा म्हणाले की बोट इथेच विकून टाकू, धक्क्यावर एक माणूस विचारत होता. त्याला ती धक्क्याला बांधून तिच्यात कोंबड्या ठेवायच्या आहेत. माझी बॅग भरलेलीच होती. आम्ही दोघं सकाळच्या गाडीत बसलो असतो आणि कोंबड्यांची सोय झाली असती. का कोण जाणे, मला ते सहन होईना. इतक्या दिवसांत मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, की गाडीने तुम्ही जा, बोट मी नेते.

ते हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

माझी जुनी नाइट सिस्टर, तुझी सिस्टरमावशी, उद्या येते आहे. तिला पोहता येतं, मला येत नाही. तिला कमी ऐकू येतं, मला नको तेवढं येतं. दोघींचा मिळून एक खलाशी होईल. तुझ्या बाबांना स्टेशनवर उतरवून घे. उजव्या बाजूने मिठी मारू नकोस.

तुझी
आई


ता. २८ एप्रिल

ती. आईस ठकूचा नमस्कार, वि. वि.

बाबा पोचले. गळ्यात झोळी, डाव्या हातात तुझी बॅग. स्वतःची बोटीवर विसरले आणि तुझी घेऊन आले, त्यामुळे सध्या जावयाचे शर्ट घालतात. तुला तुझे कपडे मिळत नसतील तर इथे आहेत. तू त्यांचे घाल.

खांदा ठीक आहे, बाकीचे बाबा फारसे ठीक नाहीत. मला वाटतं माझं ते पत्र जिव्हारी लागलं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून डाव्या हाताने अंडी उकडतात. मग दारात उभं राहून पोस्टमनची वाट बघतात. काल छोटीला कागदावर बोट काढून दिली. तिने विचारलं आजी कुठे बसते, तर पेन्सिल हातात धरून इतका वेळ बसले की छोटी कंटाळून खेळायला निघून गेली.

तू खरंच खालच्या नदीला एकटी जाणार? सिस्टरमावशी धरूनही एकटीच म्हणायचं. जपून राहा. आम्हाला मनातून उतरवू नकोस.

तुझी
ठकू


ता. ६ मे
मोठ्या नदीवरून

चि. ठकूस आईचे आशीर्वाद.

तुझ्या बाबांचे शर्ट मला होतात. बाह्या दुमडल्या की झालं.

मोठ्या नदीवर जायचं तर दोघींनाही परीक्षा, ती जंक्शनच्या ऑफिसात दिली. साहेब तुझ्याहूनही लहान होता. त्याने दोर धरून दाखवायला सांगितलं, मी दाखवला. गाठ मारायला सांगितली, ती तर मी त्यालाच शिकवून आले. सिस्टरमावशी तोंडी परीक्षेत प्रश्न ऐकू न आल्यामुळे प्रत्येकाला ‘हो’ म्हणाली आणि पास झाली.

इथे नदी इतकी रुंद आहे की पलीकडची माणसं बघायला डोळे बारीक करावे लागतात. मालवाहू बोटी अंगावर येतात. सुकाणू हातात असलं की माणसाचं काय होतं ते मला आता कळलंय. पुढचा माणूस हळू वाटतो, बहिरा वाटतो, मुद्दाम करतो असं वाटतं. काल हौदात मी सिस्टरमावशीवर सगळ्यांसमोर ओरडले. ती काम पुरं करून मागे आली आणि शांतपणे म्हणाली की मॅडम, मी आता तुमच्या स्टाफमध्ये नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा करून दिला, माफी मागितली. तिला ऐकू आलं नाही म्हणून दोनदा मागितली.

बोट चांगली आहे. पावसात दोन दिवस उभी होती, एक थेंब आत आला नाही. लोक धक्क्यावर थांबून हात लावून बघतात, कुणी बांधली विचारतात. मी सांगते.

ते औषध वेळेवर घेतात का? जावईबापूंच्या शर्टांना इस्त्री करत बसू नकोस. पत्राला उशीर झाला तर लोभात घट समजू नकोस.

तुझी
आई


ता. ११ मे
ठकूच्या घरून

अगं,

मायना काय लिहावा यावर सकाळ गेली. नवऱ्याने बायकोला पत्रात आशीर्वाद लिहायचे अशी रीत आहे. मी तुला कसले आशीर्वाद देणार? आपण कधी लांब राहिलोच नाही, त्यामुळे तुला पत्र लिहायचा हा पहिलाच प्रसंग. अक्षर वाकडं आहे ते डाव्या हाताचं आहे.

तुझी पत्रं ठकूला येतात. ती मोठ्याने वाचते, मी ऐकतो. सगळ्यात शेवटी माझ्यासाठी एक ओळ असते, की ते औषध घेतात का. मी औषध घेतो. आता दुसरं काहीतरी विचार.

ठकूने मला एक गोष्ट लिहून कळवली होती. काय ते तुला सांगत नाही, पण खरी आहे. घर तू चालवतेस हे मला कधी दिसलं नाही असं नाही. दिसत होतं. मला ते बसायला सुखाचं होतं. मग कधीतरी मलाही काहीतरी चालवायचं होतं आणि ते चालवताना तू बघावंस असं वाटत होतं. पुढे पाठ करून बसलेलीस ते नाही. खरंखुरं बघावंस.

त्या हौदात मी जे बोललो त्यात चुकलो. वाचवायला बोललो म्हणून कमी चूक होत नाही. तू परीक्षा दिलीस हे ऐकलं तेव्हा छोटीला उचलून घ्यायला गेलो आणि खांद्याने आठवण करून दिली.

आणखी एक. जंक्शनला मी बोट विकू म्हणालो ते खांद्यामुळे नाही. तू उतरणार म्हणून बॅग भरली होतीस. ती बॅग मी रोज ओलांडून जात होतो. समुद्र मी मनातून तेव्हाच सोडला होता. तू नसलेल्या बोटीवर मला राहायचं नव्हतं. हे तिथेच सांगायला हवं होतं, पण तेव्हा डॉक्टर हात झोळीत बांधत होता.

इथे पलंग हलत नाही, झोप येत नाही. ठकूचं घर चांगलं आहे, सगळे प्रेमाने वागतात. मी पाहुणा आहे.

तू समुद्रापर्यंत जाऊन ये. तुला जमेल. मला एक पत्र टाक, ठकूच्या पाकिटात नको, वेगळं.

तुझा
मी


ता. १७ मे
शेवटच्या हौदाच्या अलीकडे

अहो,

पत्र मिळालं. धक्क्यावर उभ्या उभ्या वाचलं, मग आत बसून वाचलं. सिस्टरमावशीने वाचायला मागितलं, दिलं नाही. ती परवा सकाळच्या बसने गेली. तिचा गुडघा सुजलाय आणि माझ्या चहाला ती कंटाळली आहे.

तुम्ही म्हणता दुसरं काहीतरी विचार. तर विचारते. शेडमध्ये ही बोट बांधत होतात तेव्हा मी एकदाही आत डोकावले नाही, मला त्या फळकुटांचा वैताग होता. मी बरोबर येईन असं तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं, उलट येणार नाही असंच म्हणत होते. इथे एकटी बसून सगळी बोट नीट बघितली. आत दोन बाक आहेत, दोन खण आहेत, कप अडकवायला दोन खुंट्या आहेत. त्यातली एक खाली आहे, माझा हात पोचेल अशी. लाकूड जुनं झालंय, म्हणजे अगदी सुरुवातीला ठोकलेली असणार. मी येणार हे तुम्ही कशाच्या जोरावर धरून चालला होतात? याचं उत्तर पत्रातून देऊ नका.

या हौदाच्या पलीकडे नदी खारी होते. समुद्र इथून दिसत नाही, वास येतो. मला पुढे जाता येईल, दुसरा माणूस म्हणून रखवालदाराचा भाऊ यायला तयार आहे. मी त्याला नको म्हणाले. रोज दार उघडतं, बोटी जातात, रखवालदार माझ्याकडे बघतो आणि मी मान हलवून नाही म्हणते. बोट धक्क्याला बांधून बसलेय.

स्टेशनवरून बस मिळते, ती थेट हौदापाशी सोडते. माझी बॅग घेऊन या, तुमचे शर्ट पुरत नाहीत. खांदा बरा झाला असेल तर या. नसेल झाला तरी या.

तुमची
मी